सैनिकाचे घर आणि औषधपाण्याचे कागद



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात गावोगाव पसरली. वैशाखातल्या संध्याकाळी दिवसभराचा उन्हाळा सोसून आपण येथे जमता ते संतवाङ्मय, इतिहास, फार तर अर्थकारण ऐकायला. आजचा माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे. सैनिकाच्या घरी आजारपण आले म्हणजे त्याच्या खर्चाची मागणी कशी करावी, ती का अडते आणि अडू नये म्हणून काय करावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. या विषयात रस नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्या घरावर तो प्रसंग येतो त्या घराला दुसऱ्या कोणत्याही विषयात रस उरत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘त्यांना काय, मिलिटरीचा विमा आहे!’ वस्तुतः माजी सैनिकांना जे आहे तो विमा नव्हे. विमा म्हटला की कंपनी आली, वर्षाचा हप्ता आला, आणि हप्ता चुकला की हक्क गेला. माजी सैनिकांची योजना निराळी आहे. तिचे नाव माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. बोलण्यात सगळे तिला ई.सी.एच.एस. म्हणतात. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. तिच्यात वर्गणी एकदाच भरायची असते. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दराप्रमाणे हवालदारापर्यंतच्या जवानाला ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्याला १,२०,००० रुपये. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना ही वर्गणी माफ आहे. एकदा सभासद झाल्यावर तो स्वतः, त्याची पत्नी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुले व आईवडील यांची जबाबदारी सरकारने घेतलेली असते. सभासद वारला तरी कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचा हक्क चालू राहतो.

२००३ पूर्वी काय होते? निवृत्त सैनिकाला मुख्य आधार लष्करी रुग्णालयाचा, आणि तेथेही कामावर असलेल्या सैनिकांची सोय झाल्यावर जागा उरली तर. आपल्या भागाला जवळचे लष्करी ठाणे म्हणजे कामठी. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, सिरोंच्याहून तीनशेहून अधिक. छातीत कळ आलेला म्हातारा सिरोंच्याहून कामठीला पोचेपर्यंत काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता. म्हणून नव्या योजनेने दोन गोष्टी केल्या. ठिकठिकाणी पॉलिक्लिनिके उघडली आणि खासगी रुग्णालयांशी करार केले. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टराने तपासून शिफारसपत्र द्यावे, सभासदाने करारातल्या रुग्णालयांपैकी एक निवडावे, रुग्णालयाने त्याच्याकडून पैसा न घेता उपचार करावेत आणि बिल सरकारकडे पाठवावे, असा हा क्रम आहे. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने ही बिले संगणकावर गेली.

म्हणजे सगळे व्यवस्थित चालले तर कुटुंबाला पैशाची मागणी करण्याचा प्रसंगच येत नाही. प्रसंग येतो तो व्यवस्थित न चालले तर. आणि आपल्या या दोन जिल्ह्यांत व्यवस्थित न चालण्याची कारणे निसर्गानेच पुष्कळ करून ठेवली आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, पण अरण्य एकच राहिले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. साप चावतो, हिवताप डोक्यात जातो, तेंदूपत्ता किंवा मोहफुले वेचायला गेलेल्या बाईवर वाघ झडप घालतो. अशा वेळी ‘आधी पॉलिक्लिनिकमध्ये जा, मग शिफारसपत्र घेऊन या’ असे कोणी म्हणणार नाही, आणि नियमही तसे म्हणत नाही.

नियम काय म्हणतो ते नीट ध्यानात ठेवावे, कारण बहुतेक दावे येथेच मोडतात. प्राणावर बेतले असेल तर रोग्याला जवळच्या कोणत्याही रुग्णालयात न्यावे. ते करारातले असेल, तर कार्ड दाखवावे आणि पॉलिक्लिनिकला ४८ तासांत कळवण्याचे काम रुग्णालयाने करावे. ते करारातले नसेल, तर कळवण्याचे काम आपले. मुदत तीच, ४८ तास. बिल आधी आपण भरायचे, मग परतफेड मागायची. परतफेड मिळते ती केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दराने, किंवा प्रत्यक्ष खर्चाने, यांत जे कमी असेल तेवढी. समजा, बिल झाले १,८०,००० रुपयांचे आणि ठरलेल्या दराने त्याच उपचारांचे होतात १,१०,००० रुपये. तर ७०,००० रुपये घरचे गेले. त्यात कोणी लबाडी केली असे नव्हे, हिशेबच तसा आहे. म्हणून रोग्याचा जीव सावरताच त्याला करारातल्या रुग्णालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. न विचारल्याने हजारो रुपये जातात.

सिरोंच्याच्या मंडळींसाठी येथे एक विशेष सांगितले पाहिजे. त्यांना चंद्रपूर दूर आणि गोदावरीपलीकडचा तेलंगण जवळ. पूल झाल्यापासून तर औषधपाण्यासाठी पलीकडेच जाणे होते. पुष्कळांची समजूत अशी, की आपण महाराष्ट्रातले, तेव्हा तिकडचा खर्च मिळणार नाही. ही योजना केंद्राची आहे आणि देशभर चालते. राज्याची सीमा तिच्या आड येत नाही. आड येतो तो वेळेवर न दिलेला निरोप.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण समजतो, दावा आजारपणात सुरू होतो. माझे म्हणणे असे, की तो लग्नाच्या दिवशी सुरू होतो. सैनिकाचे लग्न झाले की त्याच्या पलटणीत त्याची नोंद व्हावी लागते. मूल झाले की पुन्हा नोंद. या नोंदीला लष्करात पार्ट टू ऑर्डर म्हणतात. महार रेजिमेंटचा जवान असेल तर त्याचे दप्तर मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा असेल तर कामठीला. त्या दप्तरात पत्नीचे जे नाव ज्या अक्षरांत लिहिले गेले, तेच निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या आदेशात उतरते, तेच आरोग्य कार्डावर येते आणि तेच दाव्याच्या वेळी आधार कार्डाशी व बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिले जाते.

आणि आपल्याकडे बायकांच्या नावांचे काय होते? माहेरी ती शांता असते. लग्नात नवरा तांदळात अंगठीने नवे नाव लिहितो आणि ती सुनंदा होते. शाळेच्या दाखल्यावर शांता आणि वडिलांचे नाव, शिधापत्रिकेवर सुनंदा आणि नवऱ्याचे नाव, पलटणीत नवऱ्याने सांगितलेले ‘सुनंदाबाई’. त्यात दप्तरातला हिंदीभाषी कारकून इंग्रजीत लिहिणार, त्याच्या कानाला ऐकू येईल तसे. सिरोंच्याकडे तेलुगू नावे, एटापल्ली-भामरागडकडे माडिया आणि गोंडी नावे. ग्रामसेवक ती मराठी वळणाने लिहितो आणि संगणकाच्या केंद्रावरचा मुलगा तिसऱ्याच. एकाच बाईच्या पाच कागदांवर पाच बायका उभ्या राहतात. नवरा जिवंत असेतो हे चालून जाते, कारण तो स्वतः उभा राहून ‘ही माझी बायको’ असे सांगू शकतो. तो गेल्यावर, आणि तिचेच ऑपरेशन निघाल्यावर, ती तीच आहे हे सांगायला कोणी उरत नाही. तिला शपथपत्र करा म्हणतात, राजपत्रात नाव छापून आणा म्हणतात, सागरला पत्र लिहा म्हणतात. तोवर रुग्णालयाचे बिल वाढत असते.

बंधुभगिनींनो, हा दोष त्या विधवेचा नाही. कार्यालयात बसलेल्या माणसाचाही संपूर्ण दोष नाही. लाखो लोकांच्या पैशाचा व्यवहार असेल तर नाव ताडून पाहिलेच पाहिजे. दोष आहे तो घर निरोगी असताना कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून न पाहण्याचा. तहान लागल्यावर विहीर खणणे ही आपली जुनी खोड. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण हसत हसत सांगतो. पण सहा महिने लागतातच, तर ते रोग येण्यापूर्वीचे सहा महिने का असू नयेत?

म्हणून प्रत्येक सैनिकाच्या घरी एक पिशवी असावी. पिशवी मेणकापडाची किंवा प्लास्टिकची, कारण आपल्याकडे जे पावसातून वाचते ते वाळवी खाते. तिच्यात सैन्यातून सुटल्याचे पुस्तक, पेन्शनचा आदेश, आरोग्य कार्डे, सर्वांची आधार कार्डे, बँकेचे पासबुक आणि विवाहाचा व जन्माचे दाखले असावेत. सर्वांच्या दोन दोन प्रती वेगळ्या. आणि एका जाड कागदावर, घरातल्या शाळकरी पोरालाही वाचता येईल अशा अक्षरात, आपल्या पॉलिक्लिनिकचा दूरध्वनी क्रमांक व करारातल्या जवळच्या रुग्णालयांची नावे. ही यादी बदलत असते, म्हणून वर्षातून एकदा विचारून नवी करावी.

आजारपण आल्यावर काय जपावे तेही सांगतो. रुग्णालयातून निघताना सविस्तर बिल मागून घ्यावे. नुसत्या एकूण रकमेचे चालत नाही, कोणती तपासणी किती रुपयांची हे त्यात वेगळे दिसले पाहिजे. सुटकेचा कागद, औषधांच्या मूळ चिठ्ठ्या, पैसे भरल्याच्या मूळ पावत्या घ्याव्यात. हृदयात स्टेंट बसवला असेल तर त्याच्या वेष्टनावरचा छापील कागद घ्यावा; तो फेकून दिला की मागाहून मिळत नाही आणि खर्चातली मोठी रक्कम अडून राहते. तातडीने दाखल केले असेल तर ‘प्रकृती तातडीची होती’ असे डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्यावे. पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसेल आणि बाहेरून घ्यायला सांगितले, तर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा चिठ्ठीवर घेतल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये. दावा देताना मुदत पाळावी आणि पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नये. रोगी दगावला असेल, तर मागणी वारसाने करायची असते. मृत्यूचा दाखला, शपथपत्र आणि इतर वारसांचे संमतिपत्र लागते. दुःखाच्या दिवसांत भावाभावांत पुढे वाद होण्यापूर्वी तेवढी सही होऊन जावी, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे.

करारातल्या रुग्णालयाने शिफारसपत्र असूनही आगाऊ रक्कम मागितली तर काय करावे? भांडू नये आणि मुकाट्याने भरूही नये. पॉलिक्लिनिकच्या प्रमुखाला लेखी कळवावे, तेथे निवारण न झाल्यास नागपूरच्या प्रादेशिक केंद्राला लिहावे. दाव्याचे काय झाले हे कळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. त्याखाली ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तारीख, क्रमांक आणि नम्र भाषा असलेले पत्र आरडाओरडीपेक्षा दूर जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

आपली बाजूही स्वच्छ असली पाहिजे. मुलाचा हक्क तो कमावू लागेपर्यंत, त्याचे लग्न होईपर्यंत किंवा २५ वर्षांचा होईपर्यंत, यांत जे आधी घडेल तोपर्यंत. मुलीचा, लग्न होईपर्यंत किंवा ती कमावू लागेपर्यंत. अपंग मुलाला वयाची अट नाही, आणि हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मुलाला नोकरी लागली की त्याचे नाव आपण होऊन कमी करावे. दुसऱ्याच्या कार्डावर औषध घेणे ही हुशारी नव्हे. त्या औषधाची वाट पाहत रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सुभेदाराच्या तोंडचा तो घास आहे.

येथे कोणी विचारील, की आमच्या जिल्ह्यात वर्दी घालणारे सगळेच माजी सैनिक नाहीत, त्यांचे काय? प्रश्न योग्य आहे. गडचिरोलीत आपल्यासाठी प्राण वेचणारे बहुतेक पोलीस आहेत. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. पण प्रत्येक वर्दीचा कागद वेगळा आहे. कामावर असलेल्या सैनिकाचे कुटुंब लष्करी रुग्णालयाच्या आधाराने असते; गावी असताना तातडीने दुसरीकडे न्यावे लागले तर त्याच्या पलटणीला ताबडतोब कळवावे. केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या दलांच्या जवानांसाठी २०२१ साली आयुष्मान सी.ए.पी.एफ. ही योजना निघाली. राज्याच्या पोलिसांसाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. आणि यांपैकी काहीच नसेल त्यालाही महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत गडचिरोली होता. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती मिळेल’ हा नसून ‘आपले कार्ड कोणते’ हा आहे. चुकीच्या खिडकीत उभे राहून कोणाचाच दावा मंजूर होत नाही.

या फुले योजनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नावाचा माणूस नेमलेला असतो. तो डॉक्टर नव्हे. रोग्याचे कागद पाहणे, भरून देणे, वाट दाखवणे एवढेच त्याचे काम. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांचा आजारपणाचा विमा सुरू केला, आपल्याकडे १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, १९५४ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना आली. या सर्वांच्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. हक्क कायद्यात लिहून दिल्याने घरात पोचत नाही. कायदा आणि घर यांच्यामध्ये एक लिहितावाचता, सहानुभूतीचा माणूस उभा असावा लागतो.

असा माणूस आपण होऊ शकतो, हे सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, वकील आहेत, कारकुनी करून केस पांढरे झालेले आहेत. आपल्या वाचनालयाच्या एका खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ दोघांनी बसावे. सैनिकाच्या घरच्यांनी पिशवी घेऊन यावे. आपण कागद शेजारी शेजारी ठेवावेत, अक्षरे जुळतात का पाहावे, न जुळली तर दुरुस्तीचा अर्ज लिहून द्यावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट दाखवावी. २०१९ साली ही योजना दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांनाही खुली झाली. त्यांच्या वृद्ध विधवा कोठे असतील तर त्यांची चौकशी आपण होऊन करावी.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. मोबदला घेऊ नये. मूळ कागद आपल्याजवळ ठेवू नयेत आणि कोणाच्या मोबाइलवर आलेला गुप्त आकडा विचारू नये. कारण याच कामाच्या नावाखाली विधवांना लुबाडणारे दलालही फिरत असतात. आणि कोणाला कोणता रोग आहे हे त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये. सिकलसेल असलेल्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न आपल्या भागात किती नाजूक आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

बल्लारपूरजवळ २०१९ साली सैनिकी शाळा सुरू झाली. आपली मुले तेथे शिकत आहेत आणि त्यांतली काही उद्या सरहद्दीवर जातील. त्यांना निरोप द्यायला आपण हार घेऊन स्टेशनवर जाऊ, ते योग्यच आहे. पण सरहद्दीवर उभ्या असलेल्या मुलाच्या मनात हार नसतो. घरी आईला दमा आहे आणि तिला रात्री कोण नेईल, हे असते. तिची पिशवी तयार आहे, तिचे नाव पाचही कागदांवर एकच आहे आणि गावात विचारायला दोन माणसे आहेत, एवढे त्याला कळले तर त्याच्या खांद्यावरचे एक ओझे कमी होईल. ते कमी करायला सरकारची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ लागते.

 ज्यांना ही संध्याकाळ देता येईल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे आपले नाव लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.